हिरव्या टोकाच्या पट्ट्या

गोणपाट माझ्या टेबलावर असं आदळलं की स्टँडवरच्या काचेच्या नळ्या खणखणल्या.

"कुलथेबाई, तुमचं पोलाद परत आलं," कारखान्याचे मॅनेजर बेलसरे साहेब म्हणाले. "घ्या, ओवाळा."

मी गोणपाट उलटं केलं. आतून कोयते निघाले. उसाचा रस वाळून काळे पडलेले, चिकट. कुठे धार दुमडली होती, कुठे चेपली होती. एका कोयत्याची धार तर पापडाच्या कडेसारखी वरखाली झाली होती.

"किती आहेत?"

"एकतीस."

"पण आपण साठ दिले होते, सर. बाकीचे?"

"बाकीचे एकोणतीस झकास चाललेत म्हणे. त्याला घेऊन काय करू? निम्मं चांगलं आणि निम्मं मऊ, असलं पोलाद कोण घेईल?" ते खुर्चीत बसले, घाम पुसला. चिडले की त्यांचा आवाज उलट खाली यायचा. "बाई, हे आपण ऊसतोडणीच्या बायकांच्या हातात दिलं. ती माणसं दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतात. दर दहा मिनिटांनी दगडावर धार लावत बसायचं का त्यांनी? सोमवारी अकराला थोरले मालक येताहेत. मी त्यांना सांगणार आहे, हा प्रयोग बंद करा."

"सर, तीन दिवस आहेत अजून."

"आहेत की. शोधा काय शोधायचं ते," असं म्हणून ते निघून गेले.

मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू? पण प्रयोगशाळेत रडायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. सव्वीस वर्षांची होते. नगरच्या बाहेर आमचं पारसनीस स्टील, सातशे माणसांचा कारखाना, आणि कँटीनमधल्या दोघी सोडल्या तर बाई म्हणून मी एकटी. रडले असते तर "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" म्हणायला चौघं टपूनच बसले होते.

त्या कोयत्यांची गोष्ट सुरू झाली ती आदल्या वर्षीच्या खंडेनवमीला. कारखान्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा असायची. थोरल्या मालकांनी त्या वर्षी सांगितलं होतं, प्रत्येकाने घरचं एक हत्यारही आणावं. कुणी विळी आणली, कुणी वस्तरा, माझ्या वडिलांची सोनारकामाची हातोडी मी ठेवली. आणि यार्डाचे मुकादम दहिफळे मामा, म्हणजे आमच्याकडे तयार मालाचे गठ्ठे रचायचे, वेगळे करायचे आणि रवाना करायचे त्या अंगणाचे प्रमुख, त्यांनी एक अर्धा तुटलेला कोयता आणून फुलांत ठेवला.

"हा मोडका कुणाचा?" मालकांनी विचारलं.

"माझ्या मालकिणीचा, साहेब," मामा म्हणाले. "वीस हंगाम ऊस तोडलाय तिनं. ह्यो कोयता तोडता तोडता मोडला आन् तुकडा हिथं बसला." त्यांनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. "डोळा वाचला. पुजा करायला पायजे का न्हाई?"

पाथर्डीकडचे लोहार कोयते करायचे ते ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यांचे. कठीण, जड, आणि भट्टीतून काढून विझवताना जरा चुकलं की ठिसूळ. मालक पूजेनंतर अर्धा तास त्या तुकड्याकडे बघत उभे होते. पाथर्डी तालुक्यात त्यांनी ऊसतोडणीवाल्यांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलेलं होतं, आईबाप फडावर गेले तरी पोरं शाळेत राहावीत म्हणून. पण आपण पोलाद करतो आणि ह्यांच्या हातात भंगार, हे त्यांच्या डोक्यात तोवर आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बेलसरे साहेबांमार्फत प्रयोगशाळेला निरोप: हलका, न मोडणारा, धार धरणारा कोयता होईल असं पोलाद बनवा.

ते काम माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. कोयत्याचं पोलाद म्हणजे काय मोठं काम का! पण मी हट्टाला पेटले. आठ महिने लागले. सगळी किमया होती बोरॉनची. एका टनात फक्त तीस ग्रॅम टाकायचं, मणभर कणकेत चिमूटभर मीठ टाकावं एवढं. पण तेवढ्यानं ते पोलाद नुसत्या तेलात विझवलं तरी आतपर्यंत कठीण व्हायचं, आणि मोडायचं नाही. पहिली पट्टी मी हातानं वाकवून पाहिली तेव्हा प्रयोगशाळेत एकटीच नाचले. शिपाई दारात उभा होता हे नंतर कळलं.

आणि आता ही एकतीस मढी टेबलावर पडली होती.

दहिफळे मामांबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. रामकिसन दहिफळे. पन्नाशीचे, पांढऱ्या मिशा, उन्हात रापलेले. यार्डाच्या तोंडाशी एक घासायचं चाक होतं, विजेवर फिरणारं. त्यावर मामा पोलादाचा कोपरा टेकवायचे आणि ठिणग्या बघून सांगायचे की ह्यात कार्बन किती. लांब सरळ रेघा म्हणजे कमी, टोकाला फुलं फुटली म्हणजे जास्त. मी तासभर खपून जो आकडा काढायची तो मामा एका श्वासात सांगायचे, आणि चुकायचे नाहीत. माझे वडील कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढून असंच सांगायचे. म्हणूनच असेल, मला ह्या माणसाची पहिल्या दिवसापासून माया वाटली.

रोज सकाळी मी कामावर आले की आधी त्यांच्या चाकापाशी थांबायची. दिवसाची पहिली ठिणगी ते माझ्यासमोर पाडायचे. "ताई, सलामी घ्या," म्हणायचे. पट्टी टेकवायची, ठिणग्यांचा झोत उडायचा, मग थांबलेल्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावायचे आणि मला वर जायला मोकळीक मिळायची. तीन वर्षांत हे एक दिवसही चुकलं नव्हतं. पावसाळ्यात छत्री धरून थांबले आहे मी.

घरच्या परसातली भाजी आणायचे कधीकधी. एकदा पिशवीभर टोमॅटो दिले, त्यातले निम्मे कच्चे, हिरवेगार.

"मामा, हे काय, कच्चेच तोडलेत?"

"कोशिंबिरीला बरं पडतंय," ते घाईनं म्हणाले आणि वळले. मला हसू आलं होतं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे तेव्हा कुठे कळायला?

तर, शुक्रवारी दुपारी मी कामाला लागले. सगळ्या एकतीस कोयत्यांचा कठीणपणा मोजला. मऊ. टोळीकडून चांगल्यातले पाच मागवून घेतले, ते ठणठणीत कठीण. मग दोन्हींतला कीस काढून बोरॉन तपासलं. त्याची परीक्षा तेव्हा आम्ही हळदीतून काढलेल्या द्रव्यानं करायचो. बोरॉन असलं की नळीत लाल रंग चढतो. शनिवारी दुपारी दोन वाजता माझ्यासमोर नळ्या उभ्या होत्या. चांगल्या कोयत्यांच्या नळ्या लालभडक. परत आलेल्यांच्या नळ्यांत रंगाचा पत्ता नाही.

म्हणजे माझं पोलाद नापास झालंच नव्हतं. ते एकतीस कोयते माझ्या पोलादाचे नव्हतेच! मी खुर्चीत बसून मोठ्यांदा हसले. मग लगेच हसू थांबलं. हे साठ कोयते करणारा लोहार दोन खेपांत आमच्याच यार्डातून पट्ट्या घेऊन गेला होता. मग त्याला साध्या पोलादाच्या पट्ट्या दिल्या कुणी?

यार्डात प्रत्येक जातीच्या पोलादाच्या टोकाला रंग लावायची पद्धत होती. कमानीच्या पोलादाला पांढरा, आसांच्या पोलादाला निळा, आणखी एकाला पिवळा, साध्याला लाल. माझ्या नव्या पोलादाला कुठला लावायचा, असं रंगाऱ्यानं विचारलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, "हिरवा. उसाचा रंग."

मी यार्डात गेले. शनिवारची पाळी सुटत आली होती, माणसं पांगली होती. दसऱ्याआधी क्रेनच्या दुरुस्तीसाठी गठ्ठे इकडचे तिकडे हलवले होते, ते पुन्हा लावलेले दिसत होते; लोहाराची दुसरी खेप त्यानंतरचीच. आणि मला लांबूनच दिसलं. लाल टोकांच्या रांगेत मधेमधे हिरवी टोकं. हिरव्यांच्या रांगेत लाल. आंधळ्यालाही दिसावं असं, मी मनात म्हटलं. जीभ चावावी असं वाक्य ते.

मामा चाकापाशी हात धूत होते.

"मामा, ह्या पट्ट्या मिसळल्यात."

"आं? पोरांनी मिसळल्या असतील, ताई. लावतो सोमवारी."

"लोहाराला दुसऱ्या खेपेला पट्ट्या कुणी काढून दिल्या?"

"म्याच दिल्या की. घरचंच काम, म्हणून सोता दिल्या. ठिणगी बघून दिल्या." त्यांनी अभिमानानं सांगितलं. "तीस पॉइंट कार्बन, बराब्बर."

तीस पॉइंट म्हणजे शंभर किलोत तीनशे ग्रॅम. माझं पोलाद आणि लाल टोकाचं साधं पोलाद, दोन्हींत कार्बन सारखाच होता. टनात तीस ग्रॅम बोरॉन ठिणगीत दिसत नाही, कुणाच्या बापाला दिसणार नाही.

"मामा, ठिणगी कशाला बघितलीत? टोकाला रंग होता ना?"

ते हात पुसत राहिले.

"मला त्यातली एक हिरवी काढून द्या बघू."

मामा रांगेपाशी गेले. हात एका पट्टीवर गेला, मग दुसरीवर, मग थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मग ते खाली गठ्ठ्यावरच बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जलमापासनं." आवाज एकदम लहान झाला होता. "पांढरं कळतंय, निळं कळतंय, पिवळं कळतंय. लाल आन् हिरवं मातर एकच, मातीवाणी. पिकली मिरची हाताला कळती, डोळ्याला न्हाई."

"पण भरतीच्या वेळी डोळे तपासतात ना? रंगांच्या ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला लावतात."

"पुढचा गडी जे आकडे बोलला त्येच म्या बोललो." क्षणभर मिशीत हसले, मग हसू गेलं. "अठरा वर्सं झाली, ताई. हिथं हिरवा रंगच नव्हता, त्यामुळं कधी अडलं न्हाई. आन् अडलं तर ठिणगी व्हती."

अठरा वर्षं ह्या माणसाच्या कामात कुठे फट नव्हती, आणि एकुलती एक फट मी पाडली होती. हिरवा म्हणे. उसाचा रंग म्हणे! पिवळ्यावर काळा पट्टा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी त्यांना नळ्यांचं सगळं सांगितलं. सोमवारची मीटिंग सांगितली. पोलाद बंद करणार आहेत हेही सांगितलं.

"भरतीला खोटं बोलला म्हणून काढून टाकत्यात," ते शेवटी म्हणाले. "आपल्याच कारखान्यात तसं झालंय एकाचं. ताई, घरी मालकीण, काशी, तिलाबी ठावं न्हाई. धाकटी लग्नाची हाय. दोन वर्सं काढू द्या मला. कुणाला बोलू नका."

"नाही बोलणार."

"चाकाला हात लावून सांगा."

मी चाकाला हात लावला. ते अजून गरम होतं.

रविवारी मी घरी बसून अहवाल लिहिला. आधी लिहिलं, "पट्ट्या यार्डात मिसळल्या गेल्या." वाचलं. बेलसरे साहेब पहिला प्रश्न विचारणार, कुणी मिसळल्या? कशा? यार्ड दहिफळ्यांचं आहे, दहिफळे अठरा वर्षांत चुकलेले नाहीत, मग तुमच्याच नळ्या चुकल्या असतील, बाई. मी तो कागद फाडला. दुसरा लिहिला, तोही फाडला. उद्या ब्रेकचं पोलाद असंच मिसळलं तर माणसं मरतील, असंही स्वतःला समजावून पाहिलं. ते खरंच होतं. पण आज म्हातारपणी खोटं बोलत नाही: मी लिहिलं ते त्यासाठी नव्हे. मला माझं पोलाद हवं होतं. आठ महिने चौघांची टिंगल सोसून केलेलं ते पोलाद होतं आणि ते मरू द्यायला मी तयार नव्हते. तिसऱ्या कागदावर मी नाव लिहिलं. रामकिसन दहिफळे, यार्ड मुकादम. लाल आणि हिरवा रंग ओळखता येत नाही. पाकीट चिकटवलं आणि आईनं वाढलेलं जेवण तसंच ठेवून झोपले.

सोमवारी सकाळी पाकीट पर्समध्ये घालून फाटकातून आत आले. चाक सुरू होतं. मामा पट्टी हातात धरून उभे होते. मी खाली बघत सरळ पुढे गेले, जिना चढले आणि पाकीट बेलसरे साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते फाइलींवर ठेवून दिलं. "आता वेळ नाही, मीटिंगमध्ये बघू," म्हणाले.

अकराला थोरले मालक आले. खोलीत आम्ही चौघंच: मालक, बेलसरे साहेब, मी, आणि दहिफळे मामा. कोयत्याची कल्पना त्यांची म्हणून मालकांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते दाराशी टोपी हातात धरून उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

बेलसरे साहेबांनी सगळी हकिगत सांगितली. "माझं मत, हे बंद करावं," ते म्हणाले. "कुलथेबाईंचं म्हणणं वेगळं असावं, त्यांनी लेखी दिलंय." आणि त्यांनी पाकिटाची कड फाडायला हात घातला.

"साहेब," मामा म्हणाले.

बेलसरे साहेब थांबले.

"पोलाद ताईंचं चांगलं हाय. चूक माझी हाय."

"कसली चूक, दहिफळे?" मालकांनी विचारलं.

"मला लाल-हिरवं कळत न्हाई. भरतीला खोटं बोललो व्हतो. लोहाराला म्या लाल टोकाच्या पट्ट्या दिल्या, हिरव्या समजून. त्या एकतीस बायांच्या हातातला कोयता म्या बोथट केला." त्यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "माझ्या काशीच्या भुवईवर खूण हाय. तिच्यासारख्यांसाठीच ह्यो कोयता मागितला व्हता म्या. माझ्या पायी तो बंद व्हायला नगो. मला काढा, पोलाद ठेवा."

मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. माझं नख दुसऱ्या हाताच्या बोटात रुतलेलं होतं.

मालक खुर्चीत पुढे सरकले. मग विचारलं, "मग अठरा वर्षं सगळं बरोबर कसं लावलंत?"

"ठिणगीवरनं, साहेब. आन् हातावरनं." मामा जरा पुढे आले. "रंग ऊन-पाण्यानं उडतोय. माझं सोडा, धड डोळ्याच्या माणसालाबी चार महिन्यांनी कळत न्हाई लाल का तांबडी माती. टोकाला रंगाबरोबर ठसा मारा. एका जातीला एक ठिपका, दुसरीला दोन. हाताला कळंल असं. माझ्यामागं जो कोण येईल त्येला चुकायचं कामच न्हाई."

बेलसरे साहेबांनी डोळे मिटले. मग उघडून मालकांना म्हणाले, "साहेब, नियमाप्रमाणे ह्यांना काढावं लागेल. पण स्वतः येऊन सांगितलंय, कुणी पकडून नाही. त्याला नियमात वेगळं कलम आहे. मी बघतो."

ते कलम नियमात नव्हतं. मी नंतर पुस्तक चाळून पाहिलं.

मीटिंग संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. पाकीट माझ्या हातात ठेवलं. कड जराशी फाटलेली, बाकी बंद.

"हे तुमचं. उघडायची वेळच आली नाही," ते म्हणाले. "घरी नेऊन जाळा."

मामांना आठ दिवस कामावरून दूर ठेवलं आणि मुकादमी काढून घेतली. नवव्या दिवशी ते परत आले ते साधे कामगार म्हणून, ठसे मारायच्या कामावर. त्यांच्याच हाताखालचा माणूस मुकादम झाला होता. मी फाटकातून आले तेव्हा ते चाकाशेजारी ठशाचा पंच आणि हातोडी मांडत होते. माझे पाय थांबले. त्यांनी पंच खाली ठेवला, एक पट्टी उचलली, चाक सुरू केलं. ठिणग्या उडाल्या. "ताई, सलामी घ्या," म्हणाले. धूळ डोळ्यात गेली असं मी म्हटलं, त्यांनी ते मान्य केलं.

महिन्याभरात नवे कोयते झाले. पात्याच्या मुळाशी तीन ठिपके, मामांच्या हातचे. ते द्यायला आम्ही मामांच्या गावी गेलो, चिंचेवाडीला. उशिरा जाणाऱ्या टोळ्या तेव्हा निघायच्या बेतात होत्या. काशीबाईंनी पहिला कोयता घेतला, बाभळीच्या एका फांदीवर चालवला. फांदी खाली. दुसरी खाली. तिसरी खाली. धारेवरून अंगठा फिरवला. "हलका हाय," म्हणाल्या. "मनगाट राहील." मग नवऱ्याकडे बघून, "एवढं वरीसभर कशाला लागलं ह्येला?" सगळे हसले. मामा सगळ्यांत जास्त हसले.

आणि त्या दिवशीच त्यांनी ते सुरू केलं. चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या ताई. माझं गुपित ठावं व्हतं, पण ओठाबाहेर काढलं न्हाई. शब्दाला जागल्या." पुढे निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही, जिथे जातील तिथे हेच. पोरांच्या लग्नात व्याह्यांना सांगायचे. मी काही बोलायची नाही. दर वेळी ते पाकीट आठवायचं. मी ते जाळलं नव्हतं. कपाटात तळाशी होतं.

आमचा कारखाना पुढे दुसऱ्यांनी घेतला, पाटी बदलली. पोलाद मात्र टिकलं. नांगराचे फाळ झाले त्याचे, कडबा कापायची पाती झाली. टोकावरचे तीन ठिपकेही टिकले. रंग लावायचं बंद झालं.

मामा गेले ते चार वर्षांपूर्वी. कळवायला उशीर झाला, मी पोचले तेव्हा दिवस होऊन गेले होते. काशीबाई ओट्यावर बसल्या होत्या. केस पांढरे, भुवईवरची खूण तशीच. मला बघून रडल्या, मग चहा टाकायला सुनेला हाक मारली. आत जाऊन त्यांनी एक कोयता आणला. पातं झिजून अर्धं राहिलेलं, मुळाशी तीन ठिपके.

"ह्यो तुमाला द्याचा म्हनले व्हते. शब्द पाळणाऱ्या ताईला द्या म्हनले."

माझ्याच्यानं तो घेववेना. इतकी वर्षं गिळलेलं सगळं वर आलं.

"काशीबाई, मी शब्द पाळला नव्हता," मी म्हटलं. "मी लिहून दिलं होतं. त्यांचं नाव घालून. पाकीट साहेबांच्या टेबलावर होतं. मामा बोलले म्हणून ते उघडलं गेलं नाही, एवढंच. मी चाकाला हात लावून सांगितलं होतं आणि दोन दिवसांत मोडलं. ते बिचारे जन्मभर माझं कौतुक करत राहिले. मी एकदाही सांगितलं नाही."

काशीबाईंनी पदरानं डोळे पुसले. मला वाटलं आता कोयता परत घेतील. घेतला असता तरी बरं वाटलं असतं.

"त्येंला ठावं व्हतं, बाई," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक होतं?"

"तुमी लिवल्याचं. त्या सोमवारी सांजच्याला घरी आले, सगळं सांगितलं मला. डोळ्याचंबी, नोकरीचंबी. लई भांडले मी. म्हनलं, तुमाला गप बसायला काय झालं व्हतं, ताईनं तर बोलणार न्हाई म्हनलं व्हतं ना? तर म्हनले, तीन वर्सांत आज पयल्यांदा ताई चाकापाशी न थांबता गेल्या. पट्टी हातात धरून उभा व्हतो मी. तवाच कळलं, काय घेऊन चालल्यात त्या. म्हनले, लेकीवाणी पोर, आयुष्यभर मनात जळत राहील. त्यापेक्षा आपनच बोलू."

ओट्यावर ऊन आलं होतं. सुनेनं चहा आणून ठेवला.

"मग गावभर का सांगत होते?" मी कसंबसं विचारलं. "मी शब्दाला जागले म्हणून?"

"त्येबी इचारलं व्हतं म्या," काशीबाई म्हणाल्या. त्यांनी कोयता माझ्या मांडीवर ठेवला आणि माझा हात धरून अंगठा त्या तीन ठिपक्यांवर नेला. "म्हनले, मुकादमी गेली, मान गेला, आन् नवव्या दिशी कामावर गेलो. समदी इकडंतिकडं बघत व्हती. ताई फाटकातनं आल्या आन् चाकापाशी थांबल्या. म्हनले, मला तेवढं पुरलं."